किरण एकीला, फटका शेजारणीला

किरण पेशीच्या केंद्रकातून गेला, तिथला डीएनए तुटला, की ती पेशी बिघडते किंवा मरते. ज्या पेशीला किरण लागलाच नाही, तिचं काय बिघडणार? हे इतकं उघड वाटतं, की शास्त्रज्ञही बराच काळ असंच धरून चालत होते.

१९९२ साली हार्वर्डमध्ये नागासावा आणि जॉन लिटल यांनी हॅमस्टरच्या पेशींवर अल्फा कणांचा अगदी थोडा मारा केला. हिशेबाने शंभरातल्या एका पेशीच्याही केंद्रकातून कण गेला नसावा. तरी गुणसूत्रांमधली अदलाबदल जवळपास ३० टक्के पेशींत वाढलेली दिसली. मग १९९७ मध्ये डब्लिनच्या कार्मेल मदरसिल आणि कॉलिन सेमूर यांनी किरण दिलेल्या पेशी ज्या द्रवात वाढत होत्या तो गाळून घेतला आणि किरण न लागलेल्या पेशींवर ओतला. त्याही मरू लागल्या. या परिणामाला ‘बायस्टँडर इफेक्ट’ म्हणतात.

इथेच पहिला गैरसमज शिरतो: म्हणजे तो द्रव किरणोत्सर्गी झाला असणार! नाही. पेशी नसलेल्या नुसत्या द्रवाला किरण देऊन तो ओतला, तर काहीच होत नाही. द्रवात असतात ते मार खाल्लेल्या पेशींनी सोडलेले रेणू. नायट्रिक ऑक्साइड आणि टीजीएफ-बीटासारखी संदेशवाहक प्रथिनं ही त्यातली चांगली अभ्यासलेली नावं. एकमेकींना चिकटून असलेल्या पेशींमध्ये कनेक्सिन प्रथिनांच्या बारीक नळ्या असतात, त्यांतूनही निरोप जातो. त्या रसायनाने बंद केल्या की शेजारणींचं नुकसान घटतं.

किरण लागलं की ते किरणोत्सर्गीच होतं, या गैरसमजाचा घरोघरी मात्र त्रास होतो. मशीनमधून बाहेरून रेडिएशन घेऊन आलेल्या आजीजवळ नातवंडांना जाऊ देत नाहीत. त्या किरणांचं शरीरात काहीही शिल्लक राहत नाही. खुशाल मांडीवर बसू द्या. थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन दिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पदार्थच पोटात गेलेला असतो, म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस अंतर ठेवायचं.

डोस वाढवला की बायस्टँडर इफेक्टही त्याच प्रमाणात वाढतो, हेही खरं नाही. बऱ्याच प्रयोगांत तो अगदी कमी डोसलाच दिसतो आणि पुढे वाढायचा थांबतो.

किरण न लागलेल्या पेशींनाही फटका बसतो, मग एक्स-रेचा धोका आपल्याला कमी करून सांगितला जातो का? ही शंका रास्त आहे, पण निष्कर्ष चुकीचा. धोक्याचे आकडे मुख्यतः हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या माणसांना प्रत्यक्ष झालेल्या कर्करोगांवरून काढलेले आहेत. नुकसान थेट किरणाने झालं की शेजारणीच्या निरोपाने, ते त्या मोजणीत आलेलंच असतं. शिवाय निरोप नेहमी वाईटच असतो असं नाही. काही प्रयोगांत शेजारच्या पेशी पुढच्या माऱ्याला जास्त टिकल्या. उलट बाजूही सांगायला हवी. २००८ मध्ये इटलीत नवजात उंदरांची डोकी शिशाने झाकून बाकी अंगाला किरण दिले, तरी त्यांच्या मेंदूत गाठी वाढल्या. पण हे उंदीर जन्मतःच त्या कर्करोगाकडे झुकलेले होते.

एका ठिकाणी रेडिएशन दिल्यावर दूरची गाठही आक्रसते, तो ‘अ‍ॅबस्कोपल’ परिणाम. हे नाव १९५३ मध्ये आर. एच. मोल यांनी दिलं. त्याची बायस्टँडर इफेक्टशी गल्लत होते, पण त्यात मुख्य काम रोगप्रतिकारक पेशींचं मानलं जातं. नुसत्या रेडिएशनने असं घडणं फार विरळ आहे, आणि म्हणूनच इम्युनोथेरपीच्या जोडीने ते वारंवार घडवता येईल का, याच्या चाचण्या चालतात.