नवा कॉम्प्युटर घेताना जुने हिशेब सांभाळा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला, आणि इथे अमेरिकेत आपल्यापैकी बऱ्याच घरांतल्या बेसमेंटमधल्या जुन्या डेस्कटॉपला निरोप द्यायची वेळ आली. विंडोज ११ ला टी.पी.एम. २.० ही सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. जुन्या मशीनमध्ये ते बहुधा नसतं, म्हणून नवा कॉम्प्युटरच आणावा लागतो. मुलं एखाद्या शनिवारी येऊन तासाभरात सगळं हलवून देतात. पण त्यांचं लक्ष फोटोंकडे असतं. १९९६ साली घेतलेल्या शेअर्सचा हिशेब कुठल्या फाइलमध्ये आहे, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? या पानावर कॉम्प्युटरचा विषय काढायचं कारण तेच.

आधी एक भेद समजून घेऊ. फाइल हलवता येते, प्रोग्रॅम हलवता येत नाही. घर बदलताना कपाटातले कपडे नेता येतात, पण भिंतीत बसवलेलं कपाट उचलून नेता येत नाही, तसंच हे. प्रोग्रॅम बसवताना तो विंडोजच्या रजिस्ट्रीत आणि इतर फोल्डरांत आपल्या नोंदी करून ठेवतो. नुसतं त्याचं फोल्डर कॉपी केलं तर बहुतेक वेळा तो चालत नाही. नव्या मशीनवर तो पुन्हा बसवायलाच हवा. त्यासाठी लागणारा सीरियल नंबर जुनं मशीन चालू आहे तोवरच शोधून ठेवा. काही प्रोग्रॅम ठरावीक कॉम्प्युटरांवरच चालतात. ते आधी जुन्यावर साइन-आउट करावे लागतात.

आता खरा जीव अडकतो तो टॅक्समध्ये. टर्बोटॅक्ससारख्या डेस्कटॉप प्रोग्रॅमची दरवर्षीची आवृत्ती वेगळी असते. २०१९ ची फाइल उघडायला २०१९ चाच प्रोग्रॅम लागतो. म्हणून फाइली हलवण्याआधी जुन्याच मशीनवर प्रत्येक वर्षाचं रिटर्न उघडा आणि सर्व फॉर्म्ससकट पी.डी.एफ. करून ठेवा. पी.डी.एफ. कुठेही उघडते. काम कंटाळवाणं आहे, पण चहाचा कप घेऊन बसलात तर एका दुपारी उरकेल.

‘आय.आर.एस. ला तीनच वर्षं कागद लागतात’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. रिटर्नपुरतं ते साधारण बरोबर आहे, जरी काही बाबतींत मुदत सहा किंवा सात वर्षांची असते. पण खरेदीच्या किमतीचे कागद मालमत्ता विकेपर्यंत आणि त्यानंतरही ती मुदत संपेपर्यंत ठेवावे लागतात. ब्रोकरने शेअर्सची खरेदी किंमत आय.आर.एस. ला कळवणं सक्तीचं झालं ते १ जानेवारी २०११ पासून घेतलेल्या शेअर्सना, आणि म्युच्युअल फंडांना एक वर्षाने, २०१२ पासून. त्याआधीची खरेदी, पुन्हा गुंतवलेला डिव्हिडंड, स्प्लिट, हे सगळं सिद्ध करायची जबाबदारी आपली. ते जमलं नाही तर खरेदी किंमत शून्य धरली जाऊ शकते, आणि विक्रीची सगळी रक्कम नफा ठरते. हा हिशेब अनेकांच्या घरी फक्त क्विकनच्या एका जुन्या फाइलमध्ये आहे. तिचा बॅकअप क्विकनमधूनच घ्या. फार जुन्या आवृत्तीची फाइल नवी आवृत्ती थेट उघडेलच असं नाही, म्हणून खरेदीच्या नोंदींचा रिपोर्टही पी.डी.एफ. करा.

आय.आर.ए. मध्ये टॅक्स भरलेले पैसे टाकले असतील, तर प्रत्येक वर्षाचा फॉर्म ८६०६ त्यातले सगळे पैसे काढून होईपर्यंत जपा. नाहीतर त्याच पैशांवर दुसऱ्यांदा टॅक्स बसायचा. भारतातल्या खात्यांसाठी एफ.बी.ए.आर. भरत असाल, तर त्याच्या नोंदी पाच वर्षं ठेवायच्या असतात. आणि एच.एस.ए. असणाऱ्यांनी डॉक्टरांची, औषधांची बिलं स्कॅन करून ठेवली असतील, तर तीही महत्त्वाची. खातं उघडल्यानंतरचा खर्च कित्येक वर्षांनी परत घेता येतो, पण पावती हवी. एम.आर.आय. च्या सीडी असतील तर त्या आत्ताच हार्ड डिस्कवर उतरवा. नव्या लॅपटॉपला बहुधा सीडीचा कप्पाच नसतो.

एक खास आपली अडचण. युनिकोड येण्यापूर्वी शिवाजी, श्रीलिपी अशा फाँट्समध्ये टाइप केलेलं मराठी नव्या मशीनवर उघडलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मंडळाची जुनी इतिवृत्तं, वडिलांच्या मृत्युपत्राचा मसुदा, आरत्या, काहीही असो, जुन्या मशीनवरच पी.डी.एफ. करा आणि तो फाँटही सोबत न्या.

फाइली नेताना ‘डॉक्युमेंट्स’वर थांबू नका. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स बघा. आउटलुकची पी.एस.टी. फाइलही शोधा. वनड्राइव्हमध्ये ज्या फाइलवर ढगाचं चिन्ह आहे ती तुमच्या मशीनवर नाहीच; ती आधी उतरवून घ्या. बाहेरच्या डिस्कवर कॉपी झाली की नव्या मशीनवर दहा-वीस फाइली प्रत्यक्ष उघडून पाहा. फाइलींची नावं दिसली म्हणजे त्या उघडतीलच असं नाही.

जुनं मशीन लगेच टाकू नका. इंटरनेट काढून पुढच्या १५ एप्रिलपर्यंत कोपऱ्यात ठेवा. टॅक्स भरताना काय राहिलं ते कळतंच. मात्र बिटलॉकरची रिकव्हरी की त्याआधीच लिहून घ्या, कारण मशीन बिघडून आतली डिस्क दुसरीकडे जोडायची वेळ आली, तर तिच्याशिवाय ती उघडणार नाही. मग ते काउंटीच्या रिसायकलिंगला द्यायचं असो की पुण्याच्या भाच्याला, ‘रीसेट धिस पी.सी.’मध्ये सगळं काढून टाकण्याचा आणि त्यातला ‘क्लीन डेटा’ हा पर्याय निवडा. नुसतं डिलीट केलेलं रिटर्न, सोशल सिक्युरिटी नंबरसकट, परत काढणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात.