दादा, फिजिक्स घेऊ का?

लंच अवर संपत आलेला असतो आणि मोबाइल वाजतो. शहापूरहून मावसभाऊ, नाहीतर मुरबाडहून चुलतबहीण. बारावी सायन्स झालंय, इंजिनीअरिंगची फी परवडत नाही, आणि प्रश्न एकच, 'दादा, बीएस्सीला फिजिक्स घेऊ का?' शहरात नोकरी करणारे तुम्ही, त्यामुळे तज्ज्ञही तुम्हीच! मग आपण घाईघाईत सांगून टाकतो, 'घे की, स्कोप आहे.'

बॉस, हे उत्तर अर्धंच आहे. स्कोप आहे, पण तो बीएस्सीच्या नाही, एमएस्सीच्या पुढे सुरू होतो.

पाच वर्षांचा हिशेब

नुसत्या बीएस्सी फिजिक्सवर बँकेच्या आणि सरकारी परीक्षा देता येतात, बीएड किंवा एमसीएकडे वळता येतं. हवामान खात्यातल्या सायंटिफिक असिस्टंटसारख्या पदांनाही ही डिग्री चालते. पण कॅम्पसला कंपनी येईल आणि पॅकेज देईल, हा इंजिनीअरिंगचा फंडा इथे सहसा चालत नाही. म्हणजे किमान पाच वर्षं शिकायची तयारी हवी. तोवर बरोबरचे मित्र मुरबाड एमआयडीसीतून, भिवंडीच्या गोदामांतून घरी पगार आणू लागलेले असतात. खरं टेन्शन तिथे असतं. म्हणूनच पाच वर्षांचं गणित घरच्यांसमोर पहिल्याच दिवशी मांडलेलं बरं.

प्रवास, प्रॅक्टिकल आणि गणित

शहापूरचं स्टेशन आसनगाव. तिथून कसारा लाइनची लोकल पकडून कल्याण. मुरबाडला तर रेल्वेच नाही, कल्याणपर्यंत तीसेक किलोमीटर रस्त्यानेच यायचं. कल्याणचं बिर्ला कॉलेज किंवा ठाण्याचं बांदोडकर गाठायचं तर दिवसाचे काही तास प्रवासातच जातात. आणि फिजिक्सची प्रॅक्टिकल्स बुडवून चालत नाही. रीडिंग स्वतः घ्यायचं, ग्राफ काढायचा, एरर काढायची, जर्नल सर्टिफाय करून घ्यायचं. मित्राची वही आणून हे भागत नाही.

दुसरी अडचण भाषेची. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावी सायन्सला सगळं एकदम इंग्रजीत. बल, संवेग, त्वरण हे सगळं कळलेलं असतं, फक्त त्यांची नावं बदललेली असतात! हा धक्का सहसा वर्षभरात ओसरतो. गणिताचा मात्र ओसरत नाही. कॅल्क्युलस, व्हेक्टर, डिफरन्शिअल इक्वेशन्स यांच्याशिवाय क्वांटम मेकॅनिक्सचं पान उलटत नाही. त्यामुळे बारावीला गणित सोडून नुसतं बायो घेतलेल्यांनी फिजिक्सच्या वाटेला जाताना दहादा विचार करावा.

दारं कुठली?

बारावीनंतरच थेट पाच वर्षांचा कोर्स हवा असेल तर दोन परीक्षा लक्षात ठेवा. एक 'नेस्ट'. तिच्यातून कलिन्याच्या सेंटर फॉर एक्सलन्स इन बेसिक सायन्सेसमध्ये प्रवेश मिळतो. मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाने मिळून २००७मध्ये हे सेंटर सुरू केलं. दुसरी आयसरची अॅप्टिट्यूड टेस्ट. पुण्याच्या आयसरमध्ये कॅम्पसवरच हॉस्टेल आहे, म्हणजे रोजच्या लोकलचा प्रश्नच मिटला.

साधं बीएस्सी केलं तरी दार बंद होत नाही. 'जॅम' दिली की आयआयटीत एमएस्सी करता येतं. तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क. जेईई हुकलेल्याला आयआयटीत जायचा हा दुसरा चान्स, आणि कितीतरी घरांत तो माहीतच नसतो.

एमएस्सीनंतर तुर्भे-अणुशक्तीनगरचं बीएआरसी ट्रेनिंग स्कूल आहे. एमएस्सीला किमान ६० टक्के हवेत आणि खुल्या गटाला वयाची मर्यादा २६ आहे, त्यामुळे मध्ये वर्षं वाया घालवणं महागात पडतं. कॅन्सर हॉस्पिटलमध्ये रेडिओथेरपीचा डोस मोजून ठरवणारा मेडिकल फिजिसिस्ट हाही एमएस्सी फिजिक्स करून पुढे त्या विषयाचं शिक्षण घेतलेला असतो. ज्युनिअर कॉलेजात शिकवायचं तर एमएस्सी आणि बीएड. आणि नेट-जेआरएफ मिळवून पीएचडीला लागलात, तर १ जानेवारी २०२३पासूनच्या दराने महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप, वर घरभाडं. शिकता शिकता पगार म्हणा ना!

माळशेजच्या पलीकडे

मुरबाडकरांना माळशेज घाट पावसाळी पिकनिकसाठी पाठ असतो. तोच घाट चढून पुढे गेलं की जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ती लोकांसाठी खुली होते. भावाला एकदा तिथे न्या. फिजिक्स शिकून माणसं नक्की करतात काय, हे तिथे प्रत्यक्ष बघायला मिळतं.

मग घरी येऊन पुढचं काम करा. जॅमचा फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतो, नेस्टचा त्याच्या काही महिन्यांनी. एवढ्या फॉर्मांचा पत्ता नसतो म्हणून हुशार पोरं मागे राहतात. दोन्ही साइट्स बुकमार्क करा आणि तारखा निघाल्या की रिमाइंडर लावा. भावाच्या फोनमध्ये लावाच, तुमच्याही फोनमध्ये लावा.