काटा टाचेत, गाठ जांघेत

आज एक कोडं घालतो. बाभळीचा काटा मोडतो टाचेत आणि दोन दिवसांनी दुखरी गाठ येते जांघेत. 'अवधाण आलं' म्हणतात ते हेच. मधला अख्खा पाय सोडून दुखणं वर पोचलं कसं?

उत्तरासाठी इटलीत जाऊ, १६२२ सालात. गास्पारे असेली नावाच्या शल्यवैद्यांनी मित्रांना कुत्र्याचे मज्जातंतू दाखवले आणि मग त्याचं पोट उघडलं. बघतात तो आतड्यांवर बारीक पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं! एक दोरी टोचली, तर दुधासारखा द्रव उसळला. दुसरा कुत्रा तपासला, तर त्यात काही दिसेना. विचार केल्यावर उलगडा झाला: पहिला कुत्रा पोटभर जेवलेला होता, दुसरा उपाशी. अन्नातली चरबी वाहून नेताना या वाहिन्या पांढऱ्या दिसतात; एरवी सहज नजरेला पडत नाहीत. पुढच्या तीसेक वर्षांत स्वीडनचे रुडबेक आणि डेन्मार्कचे बार्थोलिन यांनी दाखवून दिलं, की अशा वाहिन्या इतरत्रही आहेत.

त्यांतून वाहते ती लसिका. रक्तातलं पाणी पेशींभोवती सतत पाझरत असतं. ते गोळा करून या वाहिन्या मानेच्या तळाशी मोठ्या शिरेत परत सोडतात. त्यांच्यासाठी वेगळं हृदय नाही. वाहिन्या स्वतः आकुंचन पावतात, चालताना पोटऱ्यांचे स्नायू त्यांना दाबतात आणि आतल्या झडपा पाणी मागं फिरू देत नाहीत. हत्तीरोगाचे जंत याच वाहिन्यांत ठाण मांडतात, म्हणून पाय सुजून जड होतो.

आता काट्याकडे या. काट्याबरोबर जंतू आत शिरले. कातडीखाली फांद्या फुटल्यासारख्या पेशी असतात. अशा पेशी १९७३ साली राल्फ स्टाइनमन आणि झॅनविल कोन यांनी ओळखल्या. त्या जंतू गिळतात, त्यांचे तुकडे अंगावर मिरवत लसिकेबरोबर वर निघतात आणि जांघेतल्या नाक्यावर पोचतात. हा नाका म्हणजे लसिकाग्रंथी. काखेत, गळ्याशी, पोटात मिळून असे शेकडो नाके आहेत.

तिथं लाखो पांढऱ्या पेशींची ये-जा चालू असते आणि त्यातली प्रत्येक पेशी एकाच ठरावीक खुणेला ओळखते. पुष्कळ पेशी तो तुकडा पाहून पुढं जातात. ज्या मोजक्या पेशींना खूण पटते, त्या थांबतात आणि एकीच्या दोन, दोनाच्या चार होत काही दिवसांत हजारो होतात. काही प्रतिपिंडं बनवतात, काही थेट लढायला जातात. लढाई संपल्यावर बहुतेक मरतात. थोड्या मात्र वर्षानुवर्षं ती खूण जपतात. लसीचं बळ याच आठवणीत आहे.

एवढी गर्दी झाल्यावर ग्रंथी फुगणारच, दुखणारच. म्हणजे बाळांनो, जांघेतली गाठ हा बहुतेक वेळा शरीर कामाला लागल्याचा पुरावा असतो. तिला चोळू नका, चेंगरू नका. काटा काढा, जखम साबणानं धुवा, धनुर्वाताच्या लशीचं डॉक्टरांना विचारा. आणि गाठ दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही, कडक होऊ लागली किंवा जखमेवाचूनच आली, तर अंगावर काढू नका; डॉक्टरांना दाखवाच.