रोवणीत आलेला सामना

ऑगस्ट 2017 च्या पहिल्या आठवड्यात प्रो कबड्डी लीगचा ताफा नागपुरात उतरला. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात आठवडाभर सामने झाले. यजमान होता बंगळुरू बुल्स. आपल्या शहरात मैदान न मिळाल्याने या संघाने घरचे सामने थेट विदर्भात आणले होते. विदर्भाचा स्वतःचा संघ या लीगमध्ये तेव्हा नव्हता, आजही नाही. महाराष्ट्राचे दोन संघ आहेत, एक मुंबईचा आणि एक पुण्याचा. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भ महाराष्ट्रापासून वेगळा, स्वतंत्र संघ म्हणून उतरतो. म्हणजे खेळ होता, खेळाडू होते, संघटना होती. मोठा सामना तेवढा इथे कधी येत नव्हता. तो आला, पुढच्या हंगामात बुल्सचे घरचे सामने पुण्याला गेले आणि तो हंगाम बुल्सने जिंकला. नागपूरचा आठवडा मागे राहिला.

गोंदियाहून नागपूर रेल्वेने दोन-अडीच तासांवर. हावडा-मुंबई मार्गावरचं जंक्शन असल्याने गाड्यांची ददात नाही. तरी 4 ते 10 ऑगस्ट या तारखा धान पिकवणाऱ्या जिल्ह्यासाठी काय असतात, हे तारखा ठरवणाऱ्याला ठाऊक असायला हवं. गोरेगाव, आमगाव, सडक अर्जुनी, कुठल्याही तालुक्यात त्या आठवड्यात जा, बाया आणि गडी बांधीत वाकलेले दिसतात. पऱ्हे काढायचे, चिखलणी करायची, पाऊस हातचा जायच्या आत रोवणी उरकायची. शाळकरी पोरंही अनेक घरांत या कामाला लागतात. ज्या गावांत पोरं कबड्डी खेळतात, त्याच गावांना तो आठवडा मोकळा नव्हता.

सामना कुठे न्यायचा यावर खेळांच्या संघटना पुष्कळ खल करतात. कोणत्या महिन्यात न्यायचा, आणि तो परत गेल्यावर तिथे काय उरेल, हे प्रश्न मागे पडतात. मला वाटतं, नव्या मुलखात खेळ रुजतो की नुसता दिसून जातो, याचं उत्तर या दोन प्रश्नांतच आहे. पडताळून पाहण्यासाठी रग्बी लीग या खेळाकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण सव्वाशे वर्षांहून अधिक काळ तो याच कोड्याशी झुंजतो आहे.

तेरा-तेरा खेळाडू, अंडाकृती चेंडू, आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला सहा वेळा पकडलं की चेंडू समोरच्या संघाकडे. हा सगळा पकडीचा खेळ, त्यामुळे कबड्डी पाहिलेल्या डोळ्यांना तो परका वाटत नाही. त्याचा जन्म एका हिशेबातून झाला. उत्तर इंग्लंडमधले खेळाडू कापडगिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत राबणारे. शनिवारी सामना खेळला की कामाचा खाडा पडे, मजुरी बुडे. ती बुडालेली मजुरी क्लबने भरून द्यावी, एवढीच उत्तरेची मागणी होती. सुखवस्तू दक्षिणेच्या धुरीणांना ती मान्य होईना. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्ड गावच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि मूळ रग्बी संघटनेतून बाहेर पडले. तेव्हापासून लँकेशायर आणि यॉर्कशायर हा या खेळाचा गड. पुढे तो ऑस्ट्रेलियात सिडनी आणि क्वीन्सलंडमध्ये पसरला, पण जिथे गेला तिथेही एका पट्ट्यातच घट्ट राहिला.

गडाबाहेर जायची धडपड लवकर सुरू झाली. 1929 साली चॅलेंज कपचा अंतिम सामना उत्तर सोडून लंडनच्या वेम्बली मैदानावर नेला गेला. विगनने ड्यूजबरीला 13-2 असं हरवलं आणि 41 हजारांहून अधिक लोक आले. पुढे वेम्बलीचा सामना ही प्रथा झाली. पण ही प्रथा उत्तरेच्या माणसांची होती. दरवर्षी गाड्या भरून तेच लोक राजधानीत येत आणि रात्री परत जात. जवळपास शंभर वर्षं झाली, लंडन अजून रग्बी लीगचं गाव झालेलं नाही. तिथला क्लब वरच्या विभागात कधी चढतो, कधी उतरतो. वेम्बलीने जुन्या प्रेक्षकाला सण दिला. नवा प्रेक्षक मात्र तिथे घडला नाही.

टोरांटोची गोष्ट याहून कठोर आहे. 2017 मध्ये कॅनडातल्या या शहराचा वुल्फपॅक नावाचा क्लब इंग्लंडच्या तिसऱ्या विभागात खेळू लागला. मैदान भरू लागलं, संघ पायरी-पायरीने 2020 मध्ये सर्वोच्च विभागात पोहोचला. पण खेळाडू बहुतेक इंग्लंडचे आणि ऑस्ट्रेलियाचे. महामारीत सीमा बंद झाल्या, पैसा आटला आणि जुलै 2020 मध्ये संघाने हंगाम अर्धवट सोडला. शहरात शाळांचे संघ, गल्लीतल्या स्पर्धा असं काही पुरेसं उभं राहिलं नव्हतं, म्हणून उचलून धरणारंही कुणी उरलं नाही.

मेलबर्नमध्ये वेगळं घडलं. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हा तिथला धर्मच, रग्बी लीगला कुणी विचारत नसे. 8 जून 1994 रोजी न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलंड हा सामना मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर झाला आणि 87,161 लोक आले. संघटकांनी त्या गर्दीचं कौतुक करून विषय संपवला नाही. 1998 मध्ये तिथे मेलबर्न स्टॉर्म हा कायमचा क्लब आला आणि 1999 मध्ये त्याने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. गर्दी आधी जमली, पण त्यापाठोपाठ पत्ता मिळाला: पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं कुठे, याचा पत्ता. स्टॉर्म ज्या ऑस्ट्रेलियन लीगमध्ये खेळतो, ती 2024 पासून आपला हंगाम अमेरिकेतल्या लास व्हेगसमध्ये सुरू करते. पहिल्या वर्षी चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक आले. तिथे पुढे काय उभं राहतं, त्यावर त्या खर्चाचं मोल ठरेल.

लँकेशायरच्या गिरण्यांचं वाचताना मुंबईचं गिरणगाव, परळ-लालबाग, आठवल्याशिवाय राहत नाही. कबड्डीचा महाराष्ट्रातला जुना गडही गिरण्यांच्या भोंग्याखालीच होता. चाळीतलं मंडळ, पाळी सुटल्यावरचा सराव, रात्री दिव्याखाली सामने. 1982 च्या संपानंतर गिरणगाव उसवलं तरी मंडळं तगली, कारण खेळाडूला रेल्वे, बँका, कंपन्या यांच्या संघांत नोकरी मिळत होती. 1895 च्या इंग्लंडात जी मागणी होती, तीच इथेही कबड्डीला जगवणारी गोष्ट ठरली: खेळण्यासाठी पोटाला चिमटा बसता कामा नये. हरयाणाच्या गावांतून आज इतके चढाईपटू येतात, त्यामागेही खेळाच्या जोरावर मिळणारी सरकारी नोकरी हे मोठं कारण आहे. गोंदियाच्या पोराला दमसास कमी नाही. पण गिरणगावासारखी मैदानाजवळची नोकरी इथे कधी नव्हती. इथला उद्योग म्हणजे भातगिरण्या, बिडी, तेंदूपत्ता. त्यांतून कबड्डीचा संघ उभा राहत नाही.

आणि तरीही, खेळ दूर नेण्याची सगळ्यात धाडसी मोहीम विदर्भातूनच निघाली होती. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलं. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाचं पथक डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली जर्मनीला गेलं आणि कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. गुलाम देशातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणची पोरं जगासमोर आपला खेळ मांडत होती; त्या गोष्टीचा अभिमान वाटावा तेवढा थोडा. पण जर्मनीत कबड्डी रुजली नाही. प्रात्यक्षिक संपलं, टाळ्या झाल्या, पथक परतलं.

कबड्डी देशाबाहेर रुजली ती चार दशकांनंतर, आणि तिची एक खूण गोंदियाच्या पलीकडे त्याच रेल्वे मार्गावर आहे. 1978 मध्ये भिलाईला राष्ट्रीय स्पर्धेचं रौप्यमहोत्सवी वर्ष साजरं झालं, तिथेच आशियाई कबड्डी संघटनेची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी भारतातून प्रशिक्षक प्रा. सुंदर राम जपानला गेले आणि दोन महिने गावोगाव खेळ शिकवत फिरले. या पसाऱ्यामागे महाराष्ट्राचे शंकरराव साळवी, ज्यांना सगळे बुवा म्हणत, त्यांची चिकाटी होती. 1980 मध्ये कलकत्त्यात आशियाई स्पर्धा, 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये प्रदर्शन, 1990 च्या बीजिंग एशियाडमध्ये पदकाचा खेळ. बर्लिनला पथक गेलं होतं, जपानला शिक्षक गेला. दोन्हींतला फरक मला फार मोलाचा वाटतो.

तो फरक किती दूर जातो, हे 24 ऑगस्ट 2018 रोजी जकार्तात दिसलं. आशियाई स्पर्धेच्या महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला 27-24 असं हरवलं. इराणच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्याच स्पर्धेत पुरुषांचं सुवर्णही इराणकडे गेलं. भारताचा पराभव झोंबला, तो झोंबणारच. पण कुस्तीच्या परंपरेतल्या एका देशाने आपल्या खेळात आपल्याला गाठलं, याहून त्या खेळाच्या प्रसाराचा मोठा पुरावा कोणता? फझल अत्राचली हा इराणी पकडपटू प्रो कबड्डीत मुंबईच्या संघाचा कर्णधार झाला, पुढे पुण्याचाही. परका म्हणून त्याला कुणी पाहिलं नाही.

आता गोंदियाकडे. हा जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी अशा बोली एका बाजारात ऐकू येतात. रात्रभर बसून काही पाहणं ही इथल्या माणसाची जुनी सवय आहे, आणि शहरातल्या संघटकांना तिची कल्पना नसते. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते. प्रत्येक घरी पाहुणे, पोरीबाळींच्या सोयरिकीची बोलणी, रात्री दंडार हे लोकनाट्य. थंडी पडली की दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. वडसा ही या नाटकांची राजधानी. तिथल्या मंडळ्या दिवाळीनंतर बाहेर पडतात आणि होळीपर्यंत गावोगाव फिरतात. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. मंडप गावाच्या शिवारात, आणि तिकीट काढून हजारो माणसं खाली बसलेली. एवढं सगळं गावचं मंडळ उभं करतं. मंडप, तिकिटं, वीज, बंदोबस्त, पाहुण्यांचं जेवण, आणि हिशेब चोख.

या व्यवस्थेचा पाया किती पक्का आहे, याची परीक्षा होऊन गेली आहे. 7 मे 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या साडेसात वर्षांत पट नव्हता, तरी महामारीचा खंड सोडला तर नाटकं चालत राहिली, मंडया भरत राहिल्या. लोक बैलजोडीसाठी येत होते हे खरं. पण येण्याची सवय तिच्याहून जुनी आणि टिकाऊ निघाली.

कबड्डीही याच दिवसांत खेळली जाते. हलकं धान घरात आलं, भारी धानाची कापणी सरत आली की गावोगाव रात्रीच्या स्पर्धा लागतात. मैदान मातीचं, दोरीने आखलेलं, दोन खांबांवर दिवे, ध्वनिक्षेपकावर कुणी हौशी समालोचक. बक्षिसाची रक्कम गावातले दानशूर देतात आणि त्यांची नावं प्रत्येक सामन्याआधी पुकारली जातात. इथे खेळणारा पोरगा मोठ्या पातळीवर जातो तेव्हा दोन ठिकाणी अडखळतो. एक म्हणजे मॅट. मातीवर पाय रोवायची सवय असलेल्याला मॅटवरची चपळ हालचाल आणि बुटांची पकड वेगळी पडते. दुसरं म्हणजे पाहणारी नजर. निवड करणारा माणूस आमगाव-सालेकसाच्या स्पर्धेपर्यंत पोहोचत नाही.

म्हणून मोठा सामना इथे आणायचा तर तो नागपूरच्या बंदिस्त संकुलात ऑगस्टमध्ये आणून भागणार नाही. प्रो कबड्डीचा दहावा हंगाम डिसेंबर 2023 ते मार्च 2024 असा थेट थंडीत झाला. बारा शहरांतून तो फिरला, त्यात विदर्भातलं एकही नव्हतं. हंगाम जुळला तेव्हा ठिकाण चुकलं. लीगने पूर्ण सामना आणणं अवघड असेल तर संघांचं सराव शिबिर, प्रदर्शनी सामना, विदर्भ विरुद्ध छत्तीसगड असा संघटनांचा सामना, यांतलं काहीही मंडईच्या दिवसांत येऊ शकतं. मंडप आणि माणसं गावाकडे आहेतच. मॅट, पंच आणि दोन दिवस सकाळी शाळेच्या पोरांना शिकवणारे खेळाडू बाहेरून यायला हवेत. जाताना ती मॅट मागे राहावी, जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात किंवा तालुक्याच्या एखाद्या शाळेत. गोंदिया दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतं, आणि रेल्वे खेळाडूंना नोकरी देते. त्या रेल्वेचा संघ इथे येऊन खेळला आणि सोबत निवड करणारे आले, तर गिरणगावाला जे मिळालं होतं ते या पोरांनाही मिळण्याचा रस्ता निघेल.

पहिला सामना महिलांचा ठेवावा, असं मी आग्रहाने सुचवेन. भाऊबीजेला माहेरी आलेल्या लेकी मंडईपर्यंत गावातच असतात. त्यांतल्या कितीतरी शाळेच्या संघात खेळलेल्या, लग्नाच्या वेळी खेळ सुटलेल्या. मंडपात पुढे बसलेल्या त्या बायकांना चढाई कुठे फसली, पकडीला कोण उशिरा धावली, हे कुणी समजावून सांगावं लागणार नाही.