ग्रामरच्या ओढीनं घेतलेलं घर

मूल साडेतीन वर्षांचं झालं की इंग्लंडमधल्या मराठी घरांत एक ठरलेली चर्चा सुरू होते. रिसेप्शनला, म्हणजे प्रायमरीच्या पहिल्या वर्गाला, कुठल्या शाळेत घालायचं हा वरवरचा प्रश्न असतो, मनातला प्रश्न सात वर्षांनंतरचा. पोरगं ग्रामरला लागेल का? मग शनिवारी कुणाकडे तरी जेवणं आटोपली की सल्ले सुरू होतात. "स्लाउला घर घ्या, तिथं चार ग्रामर आहेत." "अमुक प्रायमरीतून दरवर्षी पोरं लागतात, तिथंच घाला." "निदान बार्नेटला भाड्यानं तरी राहा." सांगणारी माणसं भली असतात, स्वतः या चक्रातून गेलेली असतात. पण त्यांचं मूल लागलं त्या वर्षीचे नियम आज तसेच असतील असं नाही, आणि एका ग्रामरचा नियम दोन मैलांवरच्या दुसऱ्या ग्रामरला लागू असतो असंही नाही.

मुळात या शाळा किती थोड्या आहेत ते आधी बघायला हवं. सरकारी खर्चानं चालणाऱ्या आणि परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या ग्रामर शाळा अख्ख्या इंग्लंडमध्ये १६३. सरकारी माध्यमिक शाळांतल्या शंभर मुलांपैकी साधारण पाच तिथं शिकतात. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये अशी एकही शाळा नाही. १९४४च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची वाटणी करायची पद्धत देशभर रुजली. १९६५मध्ये सरकारनं एक परिपत्रक काढून ती मोडीत काढायला सांगितलं, काही कौन्सिलांनी ते मनावर घेतलं नाही, आणि १९९८च्या कायद्यानं नवी ग्रामर शाळा काढायलाच बंदी घातली. त्यामुळे ज्या कौन्सिलांनी तेव्हा हट्ट धरला तिथंच त्या आजही आहेत: केंटमध्ये ३२, लिंकनशरमध्ये १५, बकिंगहॅमशरमध्ये १३. लंडनच्या ३२ बरोंपैकी फक्त सातांत मिळून १९. हॅरो, ब्रेंट, हाउन्स्लो, ईलिंग या आपल्या लोकांच्या आवडत्या भागांत एकही नाही.

आणि पाटीवर 'ग्रामर' लिहिलंय म्हणजे शाळा ग्रामरच असेल, हेही खरं नाही. मँचेस्टर ग्रामर स्कूल आणि ब्रिस्टल ग्रामर स्कूल या फी भरायच्या खासगी शाळा आहेत, आणि जानेवारी २०२५पासून अशा फीवर वीस टक्के व्हॅटही बसतो. वॉटफर्डच्या दोन्ही 'ग्रामर' शाळा सरकारी, फुकट. पण त्या परीक्षेवर थोड्याच जागा भरतात, बाकीच्या भावंडं, अंतर वगैरे निकषांवर. नावावरून घर बघायला निघालेल्यांची इथं पहिली फसगत होते.

सगळ्यात चिवट समज प्रायमरीबद्दलचा आहे. चांगली प्रायमरी म्हणजे ग्रामरचं अर्धं तिकीट, असं धरून चाललं जातं. हा समज बहुतेक आपण घरून बरोबर आणलेला आहे. महाराष्ट्रात बऱ्याचदा एकच संस्था बालवाडीपासून दहावीपर्यंत शाळा चालवते, आणि बालवाडीत एकदा पाय ठेवला की पुढची निश्चिंती असते. नवोदयची गोष्ट आणखी वेगळी: तिथं पाचवी ज्या जिल्ह्यातल्या शाळेत चालू आहे त्याच जिल्ह्याच्या विद्यालयासाठी परीक्षा देता येते. शाळा कुठली आणि कुठं, याला तिथं खरोखर वजन आहे. इंग्लंडमध्ये तसं नाही. त्याच शाळेच्या नर्सरीत मूल जात असलं तरी रिसेप्शनसाठी १५ जानेवारीपर्यंत नव्यानं अर्ज करावा लागतो, आणि नर्सरीत होतं म्हणून जागा मिळेलच याची हमी नसते. सरकारी ग्रामरच्या निवडीत मूल कुठल्या प्रायमरीतून आलं याला तर सहसा काहीच गुण नसतात.

"पण त्या शाळेचे सॅट्स बघा ना!" बघावेत, पण तारखाही बघाव्यात. सॅट्स, म्हणजे प्रायमरीच्या शेवटी होणाऱ्या राष्ट्रीय चाचण्या, होतात इयर सिक्सच्या मे महिन्यात. ग्रामरची परीक्षा त्याच्या आठ महिने आधी, इयर सिक्स सुरू होता होता, म्हणजे सप्टेंबरच्या आसपास उरकते. निकाल ऑक्टोबरात लागतो आणि १ मार्चला कुठली शाळा मिळाली ते कळतं. सॅट्सचा पेपर मुलाच्या हातात पडतो तेव्हा निवड होऊन दोन महिने उलटलेले असतात. शिवाय बऱ्याच ठिकाणच्या इलेव्हन प्लसमध्ये, म्हणजे या ग्रामरच्या परीक्षेत, व्हर्बल आणि नॉन-व्हर्बल रीझनिंग असतं, आणि ते राष्ट्रीय अभ्यासक्रमात नाहीच. प्रायमरी कितीही उत्तम असली तरी तो भाग शिकवणं हे तिचं काम नाही.

मग अमुक शाळेतून दरवर्षी पोरं लागतात ती कशी? त्या शाळेच्या आजूबाजूला कोण राहतं ते पाहिलं की उत्तर मिळतं. इयर फोरपासून शनिवार-रविवार शिकवणीला पाठवू शकणारी घरं एका भागात गोळा झाली की यश शाळेच्या खात्यावर जमा होतं. एज्युकेशन पॉलिसी इन्स्टिट्यूटनं २०१६ साली मांडलेले आकडे बोलके आहेत: सगळ्या सरकारी माध्यमिक शाळांत कमी उत्पन्नामुळे फुकट जेवणाला पात्र मुलं १३.२ टक्के, ग्रामरमध्ये अडीच. बकिंगहॅमशरनं २०१३मध्ये शिकवणीचा फायदा मिळू नये म्हणून परीक्षेचं स्वरूप बदलून पाहिलं. शिकवणीचे वर्ग काही बंद पडले नाहीत.

शाळांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेडच्या 'आउटस्टँडिंग' शिक्क्याबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१२ ते २०२० या काळात हा शिक्का मिळालेल्या शाळांना नेहमीच्या तपासणीतून सूट होती. त्यामुळे गेटवर फडकणारा फलक कधी कधी आठ-दहा वर्षांपूर्वीच्या, वेगळ्या हेडटीचरच्या काळातल्या शाळेबद्दल बोलत असे. सप्टेंबर २०२४पासून सरकारी शाळांना असा एका शब्दाचा शेरा देणंच बंद झालं. जुने फलक मात्र घरविक्रीच्या जाहिरातींत अजून डोकावतात.

प्रायमरीला अजिबातच अर्थ नाही असंही नाही. बकिंगहॅमशरमधल्या सरकारी प्रायमरीत असलेल्या मुलांची नोंदणी आपोआप होते आणि ती आपल्याच वर्गात परीक्षा देतात, बाहेरच्यांना वेळेत नाव नोंदवावं लागतं. केंटमध्ये गुण थोडक्यात हुकले तर हेडटीचर मुलाचं वर्षभराचं काम एका समितीपुढे ठेवू शकतात. तिथं वह्या नीट ठेवणारी आणि मुलाला ओळखणारी शाळा कामी येते. फायदा म्हणाल तर तेवढाच, आणि तोही त्याच भागात.

आता घर. इथं प्रत्येक शाळेचा नियम वेगळा, आणि तो वाचल्याशिवाय नकाशावर बोट ठेवण्यात अर्थ नाही.

बार्नेटची क्वीन एलिझाबेथ्स ही मुलांची शाळा घ्या. १५७३ साली स्थापन झालेली ही शाळा देशातल्या सर्वाधिक गुणांच्या शाळांत गणली जाते, आणि तिला कॅचमेंट, म्हणजे प्रवेशात प्राधान्य मिळणारा ठरावीक परिसर, नाही. परीक्षेतल्या क्रमानं वरून खाली जागा भरत जातात. शाळेच्या फाटकासमोर राहणारा मुलगा आणि रोज दीड तास प्रवास करायला तयार असलेला मुलगा यांत फरक केला जातो तो गुणांनीच. इथं घर घेऊन मिळतो तो छोटा प्रवास, जागा मिळण्याची शक्यता त्यानं वाढत नाही. तो छोटा प्रवास अकरा वर्षांच्या मुलासाठी कमी मोलाचा नाही. पण त्यासाठी घर निकाल लागल्यावरही बदलता येतं.

दुसऱ्या टोकाला बकिंगहॅमशर. तिथं १२१ गुण मिळवले की मूल पात्र ठरतं, पण पात्र ठरणं म्हणजे जागा मिळणं नव्हे. पात्र मुलं जागांपेक्षा जास्त झाली की कॅचमेंट, भावंडं, अंतर हे निकष पुढे येतात. १४० मिळवलेलं लांबचं मूल मागे राहू शकतं आणि १२१ मिळवलेलं गल्लीतलं आत जाऊ शकतं. म्हणजे इथं पत्त्याला किंमत आहे, भरपूर आहे.

स्लाउची गंमत पोस्टकोडमध्ये आहे. स्लाउच्या चारही ग्रामर मिळून एक परीक्षा घेतात आणि १११ गुणांना पात्र धरतात. 'एसएल' पोस्टकोड दिसला म्हणून अनेकजण बर्नम किंवा फार्नम कॉमनला घर बघतात आणि स्लाउत आलो असं समजतात. पण ही गावं बकिंगहॅमशर कौन्सिलच्या हद्दीत आहेत. बर्नम ग्रामर बकिंगहॅमशरची परीक्षा घेते, स्लाउच्या शाळा स्लाउची. दोन्हींची नोंदणी वेगळी आणि नियमही वेगळे. टपालखात्याची हद्द आणि कौन्सिलची हद्द या दोन निराळ्या रेषा आहेत, हे घराचा सौदा झाल्यावर कळलेलं परवडत नाही.

मधल्या प्रकारातल्या शाळाही आहेत. किंग्स्टनच्या टिफिन शाळा एकेकाळी कुठूनही येणाऱ्या मुलांना निव्वळ गुणांवर घेत. नंतर त्यांनी ठरावीक परिसरातल्या मुलांना प्राधान्य द्यायला सुरुवात केली. बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड शाळांनी २०२०च्या प्रवेशापासून कॅचमेंटचा नवा निकष आणला. दोन्हीकडे ज्यांनी आधीच्या नियमांवर विसंबून आखणी केली होती त्यांचं गणित मधेच बदललं.

मुख्य अडचण हीच आहे. प्रवेशाचे नियम शाळा दरवर्षी ठरवते. आदल्या वर्षीच्या २८ फेब्रुवारीपर्यंत ते पक्के व्हावे लागतात, म्हणजे पुढच्या सप्टेंबरपासून मागे मोजलं तर सुमारे दीड वर्ष आधी. चार वर्षांच्या मुलासाठी आज घर घेणारा माणूस सात वर्षांनंतरच्या, अजून लिहिलाच न गेलेल्या नियमावर पैज लावत असतो. पैजही स्वस्त नाही. एप्रिल २०२५पासूनच्या दरानं, राहतं घर बदलून पाच लाख पौंडांचं दुसरं घेतलं तर नुसती स्टॅम्प ड्युटी १५ हजार पौंड होते. वकील, सर्व्हे, सामान हलवणं वेगळं.

भाड्याची युक्ती? घर स्वतःचं एकीकडे, आणि अर्जापुरता फ्लॅट शाळेजवळ. बऱ्याच कौन्सिलांच्या नियमांत असा पत्ता चालत नाही, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. खोट्या पत्त्यावर मिळालेली जागा काढून घेता येते. कौन्सिल आपल्या कौन्सिल टॅक्सच्या नोंदी तपासते, आणि एकदा तर प्रकरण फार पुढे गेलं होतं. २००८मध्ये पूल शहराच्या कौन्सिलनं एका कुटुंबावर जवळजवळ तीन आठवडे पाळत ठेवली. आईबाप आणि तीन मुली कुठून निघतात, गाडी कुठं जाते, याच्या नोंदी ठेवल्या. संशय एवढाच, की शाळेसाठी दिलेला पत्ता खरा नसावा. पत्ता खरा निघाला. २०१०मध्ये न्यायाधिकरणानं ती पाळत बेकायदा ठरवली. तेव्हापासून कौन्सिलं सांभाळून असतात, पण कागद मागणं काही थांबलेलं नाही.

अर्जाच्या वेळचा घोळ वेगळाच. ग्रामर पहिल्या क्रमांकावर लिहिली आणि ती हुकली, तर जवळची चांगली शाळाही जाते, या भीतीनं कित्येक पालक पसंतीक्रम उलटासुलटा करतात. लंडनमध्ये सहा शाळा लिहिता येतात आणि कुठल्याही शाळेला आपला क्रमांक कितवा हे कळत नाही. प्रत्येक शाळा आपल्या निकषांवर यादी लावते. त्यांपैकी जिथं जिथं जागा मिळू शकते त्यातली पालकांनी सर्वांत वर लिहिलेली शाळा कौन्सिल देते. म्हणून ३१ ऑक्टोबरच्या अर्जात मनातल्या खऱ्या क्रमानं लिहावं, आणि शेवटी एक तरी अशी शाळा ठेवावी जिथं अंतरावर जागा मिळण्यासारखी आहे.

वर्क व्हिसावर आलेल्या नव्या कुटुंबांत एक भीती दबक्या आवाजात बोलली जाते: आयएलआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, नसेल तर ग्रामर मिळत नाही. व्हिसावर 'पब्लिक फंड्स नाहीत' असा शेरा असतो, त्यातून ती आली असावी. सरकारी शाळेतलं शिक्षण त्या यादीत येत नाही. आईवडिलांबरोबर कायदेशीरपणे इथं राहणारं मूल परीक्षा देऊ शकतं आणि प्रवेशही घेऊ शकतं.

या सगळ्यात प्रायमरीसाठी मात्र घर खरोखर निर्णायक असतं. भावंडं वगळली की बहुतेक ठिकाणी सरळ रेषेतलं अंतर मोजतात, आणि लहान वर्गांत तीसपेक्षा जास्त मुलं बसवायला कायद्यानं बंदी असल्यामुळे लोकप्रिय शाळेची शेवटची जागा काहीशे मीटरवर संपते. तेव्हा चार वर्षांच्या मुलाचं घर त्याच्या आत्ताच्या शाळेसाठी घेणं शहाणपणाचं: चालत जाता येईल, मित्र गल्लीत राहत असतील, आणि आजूबाजूची माध्यमिक शाळाही अशी असेल की ग्रामर हुकली तरी तिथं पाठवायला जीव कचरणार नाही. केंटसारख्या भागात हा शेवटचा मुद्दा जास्त महत्त्वाचा. तिथं परीक्षेत न बसलेली वा न निवडली गेलेली मुलं बहुसंख्य असतात, आणि त्यांच्या शाळांची पाहणी करायला ग्रामरचं स्वप्न पाहणारे पालक क्वचितच जातात.

अकराव्या वर्षी दार बंद झालं की कायमचं, हाही समज तपासून घ्यावा. कित्येक ग्रामर सोळाव्या वर्षी सिक्स्थ फॉर्मला बाहेरची मुलं घेतात. तिथं इलेव्हन प्लस नसते, जीसीएसईचे ग्रेड लागतात. किंग्स्टनच्या टिफिन स्कूलमध्ये खालचे वर्ग मुलांचे, पण सिक्स्थ फॉर्मला मुलीही असतात. किती ग्रेड हवेत, बाहेरच्यांसाठी किती जागा, हे शाळेच्या प्रवेश-नियमांत असतं. अकराव्या वर्षाच्या नियमांशेजारीच तेही पान असतं, आणि तेही दर वर्षी नव्यानं वाचावं लागतं.