शोधणें, खणणें, उकरणें

पूर्णेच्या खोऱ्यांत विहीर खणावी आणि खारें पाणी लागावें, हें अकोला-अमरावतीकडील वाचकांस सांगावयास नको. पण विहीर खणावयाची, शिलालेख खोदावयाचा. उकरण्याचें काम मात्र कोंबडीचें, किंवा जुनीं भांडणें ज्यांस प्रिय त्यांचें! हरवलेली किल्ली आपण हुडकतों, तिच्यापायीं घर धुंडाळतों. सोयरीक जुळवितांना चौकशी करणें योग्यच. परंतु ती खोदखोदून मुलीच्या आजोळापर्यंत पोंचली, कीं तिचा भोचकपणा होतो, आणि दाराआड ती मुलगी सारें ऐकत असते. आमच्याहि घरांत हें घडलें आहे.

‘शोधणें’ हा शब्द या सर्वांत कुलीन. संस्कृतांत शोधन म्हणजे शुद्ध करणें. अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपूर येथें म्हाइंभटांनीं इ. स. १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें, तें चक्रधरस्वामींस प्रत्यक्ष पाहिलेल्यांना गांठून, त्यांच्या आठवणी विचारून. प्रश्न त्यांनींहि थोडे विचारले नसतील. मात्र एकाच प्रसंगाच्या आठवणी जेथें जुळल्या नाहींत, तेथें निराळे पाठहि त्या ग्रंथांत राखलेले आढळतात.