नव्या चपलेचे नऊ दिवस

माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, त्यामुळे चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. पण विषय सगळ्यांच्या पायाखालचा आहे!

गेल्या वर्षी इंडस्ट्रियल व्हिजिटहून परतताना आम्ही अजिंठ्याला थांबलो. मी खास ट्रिपसाठी काळ्या बॅलेरिना घेतल्या होत्या. दिसायला एकदम झकास! पण १६ नंबरच्या लेण्यापर्यंत दोन्ही टाचा सोलल्या. पार पुढे, २६ नंबरच्या लेण्यात महापरिनिर्वाणाची सुमारे ७ मीटर लांब बुद्धमूर्ती आहे. सगळे ती बघायला गेले आणि मी पायरीवर बसून टाचांना पट्ट्या चिकटवत राहिले. ती मूर्ती मी अजून फक्त मैत्रिणींच्या फोटोतच बघितली आहे.

चूक कुठे झाली? 'हील नाही म्हणजे आरामच' असं मला वाटायचं. पण अगदी पातळ, सपाट सोलमध्ये तळव्याच्या कमानीला आधार मिळत नाही आणि दगडावरचा प्रत्येक धक्का थेट टाचेला बसतो. म्हणून फ्लॅट घेतानासुद्धा एक-दोन सेंटिमीटर जाडीचा, थोडा मऊ सोल बघावा. फोड येतात ते घासल्याने. घामाने कातडी ओली झाली की घर्षण वाढतं. फर्स्ट इयरला घर्षणाचं चॅप्टर मी पाठ केलं होतं, समजलं मात्र त्या पायरीवर!

आता दुकानात काय बघायचं ते सांगते.

१) खरेदी संध्याकाळी करा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, प्रवासात तर जास्तच. दोन पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप धरा.

२) उभं राहून बघा. बोटांपुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी आणि बोटं मोकळी हलायला हवीत. 'वापरून सैल होईल' हे दुकानदाराचं वाक्य ऐकून सोडून द्या.

३) बूट हातात घेऊन वाकवा. आपली बोटं जिथे वाकतात तिथेच तो वाकायला हवा. मधोमध घडी पडली किंवा फडक्यासारखा पिळला गेला, तर ठेवून द्या.

४) तळाला खाचा असलेलं रबर हवं. गुळगुळीत सोल ओल्या पायरीवर हमखास घसरतो.

५) अजिंठ्याच्या चित्रं असलेल्या लेण्यांत पादत्राणं काढावी लागतात, देवळांतही तेच. तिथे लेसपेक्षा पट्टा किंवा इलॅस्टिकवाले बरे. नुसते सैल मात्र नकोत.

आणि स्टाइल? तपकिरी किंवा काळा रंग घ्या, जीन्सवरही चालतो आणि कुर्त्यावरही. कोल्हापुरीचा थाट वेगळाच, २०१९ मध्ये तिला जीआय मानांकनही मिळालं. पण चामडं पाण्याने खराब होतं, म्हणून पावसाळी ट्रिपला ती बॅगेतच असू द्या, रात्री जेवायला जाताना घाला. मुलांनो, हसू नका, नवे लोफरही तसेच चावतात!

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ना? नव्या जोडाचे ते नऊ दिवस हॉस्टेलमध्येच काढा. रूम ते मेस, मेस ते लायब्ररी. चावायचं असेल तर इथेच चावू दे, इथे निदान रूम जवळ असते.

मी पुन्हा अजिंठ्याला जाणार आहे, जुने, मळलेले बूट घालून. आणि आधी २६ नंबर बघणार, मग बाकीचं.